अत्यासन : दुकानाच्या गादीवर वाढणारा व्याधिहेतू

प्रमेह, स्थौल्य, अर्श, कटीशूल आणि गृध्रसी हे व्याधी आपल्या चिकित्सालयात वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या रुग्णांच्या रूपाने समोर येतात आणि आपण त्यांची चिकित्साही स्वतंत्रपणे करतो. परंतु रुग्णाला त्याचा दिवस कसा जातो हे नीट विचारले, तर या सर्वांच्या मुळाशी एक समान हेतू पुष्कळदा सापडतो. हा हेतू इतका सामान्य आहे की रुग्ण तो सांगत नाही आणि वैद्यही विचारत नाही. आहाराविषयी आपण दहा प्रश्न विचारतो, निद्रेविषयी दोन-तीन विचारतो. पण ‘आपण दिवसातून किती तास बसून असता?’ हा प्रश्न केसपेपरवर क्वचितच आढळतो. प्रस्तुत लेखात दीर्घकाळ बसण्याचे प्रौढ व्यक्तींच्या शरीरावर होणारे परिणाम संहिता आणि आधुनिक संशोधन या दोहोंच्या आधारे मांडावयाचे आहेत. वैद्यबंधू-भगिनी आणि औषधविक्रेते या दोन्ही वर्गांसाठी हा विषय केवळ रुग्णांपुरता मर्यादित नाही, हे पुढे ओघाने येईलच.

हिंगणघाट तालुक्यातील वडनेर हे नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावरील गाव. पूर्वी हा महामार्ग क्रमांक ७ म्हणून ओळखला जाई, आता तो क्रमांक ४४ आहे. परिसर कापूस, सोयाबीन आणि तुरीचा. वखरणी, डवरणी, वेचणी ही कष्टाची कामे जेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तेथे बैठ्या जीवनाच्या दुष्परिणामांची चर्चा करणे कोणास अप्रस्तुत वाटेल. ‘हे शहरातल्या संगणकवाल्यांचे दुखणे’ असा समज आपल्यापैकी अनेकांचा आहे. वस्तुतः महामार्गावरचे गाव म्हणजे बसणाऱ्यांचेही गाव. रात्रंदिवस स्टिअरिंगमागे असलेले मालमोटारीचे चालक, कृषी केंद्राचे मालक, किराणा व कापड दुकानदार, शिंपी, बँकेतील व पतसंस्थेतील कर्मचारी, औषधविक्रेते आणि बाह्यरुग्ण विभागात सकाळ-संध्याकाळ खुर्चीला खिळलेले डॉक्टर व वैद्य, हे सर्व याच गावचे. शेतकऱ्याच्या घरातही चित्र बदलत आहे. ज्याच्या वडिलांनी बैलांमागे चालत शेत वखरले, तो मुलगा ट्रॅक्टरच्या आसनावर बसून तेच काम करतो, शेतात मोटारसायकलने जातो आणि रात्री मोबाईल घेऊन खाटेवर बसतो. काम तेच, गाव तेच, परंतु शरीराची हालचाल पूर्वीची राहिलेली नाही.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मधुमेहविषयक पाहणीत तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड येथील लोकांच्या शारीरिक हालचालीचीही नोंद घेण्यात आली होती. त्यात निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५४ टक्के व्यक्ती हालचालीच्या दृष्टीने निष्क्रिय आढळल्या. याच पाहणीचे अखिल भारतीय निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यानुसार देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींहून अधिक, म्हणजे प्रौढ लोकसंख्येच्या ११.४ टक्के आहेत आणि १५.३ टक्के लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. या सर्वांचे कारण केवळ बसणे असे कोणी म्हणणार नाही. पण कारणांच्या यादीत त्याचे स्थान वर सरकले आहे हे मान्य करावे लागते.

संहितांकडे वळू. चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायात चरकाचार्य प्रमेहाचे हेतू सांगताना दही, नवान्न, गूळविकार इत्यादींच्याही आधी ‘आस्यासुख’ हा हेतू सांगतात. आपण विद्यार्थिदशेत हे पद पाठ केले आणि पुढे दही व गुळाचेच पथ्य सांगत राहिलो. ‘आस्या’ म्हणजे बसणे. त्यातील सुखाची चटक म्हणजे आस्यासुख. येथे ‘सुख’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आचार्यांनी केवळ बसणे दोषास्पद मानले नाही, तर बसण्यात रमणे, उठावेसे न वाटणे ही वृत्ती हेतू म्हणून सांगितली. सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात आस्येचे गुणकर्म सांगताना ती वर्ण, कफ, स्थौल्य आणि सौकुमार्य वाढविणारी व सुखकर असल्याचे म्हटले आहे, आणि मार्गक्रमण नेमके याच चारही गोष्टींचा नाश करते असेही सांगितले आहे. म्हणजे कृश व श्रांत व्यक्तीला जे पथ्य, तेच मेदस्वी व्यक्तीला अपथ्य. वातरक्ताच्या वर्णनातही चरकाचार्यांनी सुकुमार, मिष्टान्नभोजी व्यक्तींबरोबर ‘अचंक्रमणशील’ म्हणजे फिरण्याची सवय नसलेल्या व्यक्तींचा उल्लेख आवर्जून केला आहे.

ही झाली कफ-मेदाची बाजू. सिद्धिस्थानाच्या बाराव्या अध्यायात दुसरी बाजू येते. पंचकर्मानंतर रुग्णाने टाळावयाच्या आठ महादोषकर गोष्टींत उच्च स्वरात बोलणे, वाहनाचे धक्के, अति चालणे यांच्याबरोबर ‘अत्यासन’ सांगितले आहे. आणि त्यामुळे होणाऱ्या पीडांत नितंब, पार्श्व, वंक्षण, वृषण, कटी व पृष्ठ यांच्या वेदना सांगितल्या आहेत. हे वर्णन संशोधित जीवाच्या संदर्भातील आहे हे खरे. तथापि, मालमोटारीच्या चालकाला किंवा शिंप्याला त्याच्या वेदनेची जागा बोटाने दाखविण्यास सांगावे. तो बहुधा हीच स्थाने दाखवील. विशेष म्हणजे वाहनाच्या क्षोभाने होणाऱ्या आणि अति बसण्याने होणाऱ्या पीडा येथे एकाच वर्गात मोडतात, आणि आपल्या महामार्गावरील चालकाच्या वाट्याला हे दोन्ही हेतू एकाच वेळी येतात. अर्शाच्या निदानातही विषम व कठीण आसनावर बसणे आणि उत्कटकासनाचा अतिरेक हे हेतू स्पष्टपणे आले आहेत.

एकच हेतू कफ-मेदही वाढवितो आणि वातही प्रकुपित करतो, हे कसे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर अष्टौनिंदितीय अध्यायात मिळते. मेदाने मार्ग अडल्यामुळे वायू कोष्ठातच फिरत राहतो, अग्नीला प्रदीप्त करतो, त्यामुळे आहार लवकर पचतो आणि पुन्हा भूक लागते, असा संप्राप्तिक्रम तेथे सांगितला आहे. अर्थात बसणारा मनुष्य कमी खात नाही, जास्त खातो. व्यवहारात आपण म्हणतो की ज्याचे श्रम कमी, त्याची भूक कमी. चरकाचार्यांचे निरीक्षण याच्या उलट आहे, आणि त्याला एक आधुनिक जोड योगायोगाने आपल्याच देशातून मिळाली.

१९५६ साली जाँ मेयर या पोषणशास्त्रज्ञाने आपल्या भारतीय सहकाऱ्यांसह पश्चिम बंगालमधील एका ताग गिरणीतील २१३ व्यक्तींचा आहार, वजन आणि श्रम यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गिरणीच्या आवारातील दुकानदार, पर्यवेक्षक, कारकून, यंत्रावरील कामगार ते ओझी वाहणारे हमाल असे सर्व स्तर होते. हलक्या कामापासून अवजड कामापर्यंत जसजसे श्रम वाढत गेले, तसतसा आहार वाढत गेला. वजन मात्र फारसे वाढले नाही. हे अपेक्षितच होते. आश्चर्य होते ते दुसऱ्या टोकाला. अगदी बैठे काम करणाऱ्यांचा आहार कमी न होता उलट वाढलेला आढळला आणि वजनेही सर्वांत जास्त तेथेच होती. त्यातही दिवसभर दुकानात बसून राहणारे दुकानदार सर्वांत वजनदार होते. एका वेळी केलेल्या पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. दुकानदाराकडे खाण्याला पैसा अधिक होता हेही लक्षात घ्यावे लागेल. तरीही शरीराची भूक श्रमाशी जुळवून घेण्याची जी यंत्रणा आहे, ती श्रम एका मर्यादेच्या खाली गेल्यावर बिघडते, हा त्यातील संकेत आपल्या संप्राप्तीच्या फार जवळचा आहे.

वैद्यकाच्या पाश्चात्त्य परंपरेत बैठ्या कारागिरांच्या दुखण्यांची नोंद इटलीतील रामाझिनी या वैद्याने १७०० साली प्रसिद्ध केलेल्या व्यवसायजन्य रोगांवरील ग्रंथात केली होती. परंतु आकडेवारीच्या आधारे हा विषय प्रथम ठामपणे मांडला तो जेरी मॉरिस यांनी १९५३ साली. लंडनमधील दुमजली बसचा चालक दिवसभर बसून असे आणि वाहक दररोज शेकडो पायऱ्या चढत-उतरत असे. दोघे एकाच बसमध्ये, एकाच आस्थापनेचे नोकर. तरीही वाहकांत हृदयरोगाचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले आणि झाला तरी तो कमी तीव्र व उशिरा होत असे. पुढे १९५६ साली मॉरिस यांच्याच गटाने गणवेशाच्या मापांवरून दाखवून दिले की चालकांच्या कमरेचा घेर नोकरीच्या आरंभापासूनच अधिक होता. म्हणजे थोडा फरक कामामुळे, तर थोडा मुळातच माणसांत होता. स्वतःच्या निष्कर्षाला स्वतःच छेद देऊन तपासण्याची ही रीत आपणही अंगीकारण्यासारखी आहे.

आपल्या गावात दुमजली बस नाही. पण कोणत्याही मोठ्या औषधी दुकानात जाऊन पाहावे. मालक गल्ल्यावर बसलेला असतो. ‘अविपत्तिकर आण, वरच्या फळीवरचे महानारायण तेल काढ’ असे सांगतो आणि नोकर मुलगा दिवसभर घोड्यावर चढतो-उतरतो. हा मॉरिस यांचा चालक आणि वाहकच होय. दुकानाची सुबत्ता वाढली की मालकाचे उठणे कमी होते.

आता सिद्धिस्थानाच्या अकराव्या अध्यायातील एक प्रसंग पाहू. अग्निवेश गुरूंना विचारतो की सतत आजारी असणारे लोक कोणते? आत्रेय चार वर्ग सांगतात : श्रोत्रिय, राजसेवक, वेश्या आणि पण्यजीवी, म्हणजे क्रयविक्रयावर जगणारे व्यापारी. प्रत्येकाचे कारण निराळे. पण्यजीवींच्या बाबतीत सांगितलेले कारण म्हणजे सदासन आणि खरेदी-विक्रीचा लोभ. या सर्वांत सामाईक दोष असा की ते उत्पन्न झालेले वेग अडवून धरतात आणि वेळेवर जेवत नाहीत. इतरही जे असे वागतील ते सारे सदातुरच, अशी पुस्तीही तेथे जोडलेली आहे. दृढबलाने संस्कारित केलेल्या या अध्यायातील वर्णन आजच्या औषधविक्रेत्याला तंतोतंत लागू पडते. खरीप हंगामात कृषी केंद्रवाल्याची, साथीच्या दिवसांत औषध दुकानदाराची आणि बाजाराच्या दिवशी वैद्याची काय अवस्था असते? ग्राहक उभे आहेत म्हणून मूत्रवेग अडविला जातो, दुपारचे जेवण तीन वाजता गल्ल्यावरच होते, त्यावर चहा आणि पुन्हा बसणे. केवळ बसण्याने जेवढी हानी होते, तिच्या कितीतरी पट हानी बसणे, वेगविधारण आणि अकालभोजन या त्रयीने होते. आचार्यांनी अशा रुग्णांत वेगविधारणाने क्षुब्ध झालेला वायू व विबंध लक्षात घेऊन प्रथम स्निग्ध फलवर्तीचा प्रयोग सांगितला आहे आणि बस्तीचा विचार पुढे येतो. हा क्रम ध्यानात घेतल्यास केवळ रोजच्या विरेचक चूर्णावर अवलंबून राहणाऱ्या व्यापारी रुग्णांचे आपण अधिक हित करू शकू.

बसल्यावर शरीरात नेमके काय घडते, याचे स्थूल ज्ञान वैद्याला असावे, कारण आजचा रुग्ण ते विचारतो. उभे राहताना व चालताना मांड्या, नितंब आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू आकुंचन पावतात. स्नायू आकुंचन पावताना इन्शुलिनची विशेष मदत न घेताही रक्तातील साखर ओढून घेतात. बसल्यावर हे स्नायू जवळजवळ निश्चल होतात आणि जेवणानंतरची साखर रक्तात अधिक वेळ रेंगाळते. रक्तातील मेद स्नायूत खेचून घेणारे लायपोप्रोटीन लायपेज नावाचे विकर असते. मागील पाय निष्क्रिय ठेवलेल्या उंदरांवरील प्रयोगांत त्याचे कार्य काही तासांतच मंदावलेले दिसले. तिसरी गोष्ट रक्ताभिसरणाची. पायांतील रक्त हृदयाकडे वर चढविण्याचे काम पोटरीचे स्नायू पिळून करतात. पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसल्यास हा पंप थांबतो, पाय सुजतात आणि क्वचित खोल शिरेत रक्ताची गुठळी होते.

२०१२ साली ऑस्ट्रेलियातील डन्स्टन व सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग आपल्या दृष्टीने फार उपयुक्त आहे. ४५ ते ६५ वयाच्या १९ स्थूल व्यक्तींना गोड पेय देऊन पाच तास बसवून ठेवले. दुसऱ्या खेपेस त्याच व्यक्तींना दर २० मिनिटांनी उठवून केवळ २ मिनिटे हलके चालविले. तेवढ्याने आहारोत्तर साखरेची वाढ सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाली. किंचित वेगाने चालविल्यावर सुमारे ३० टक्क्यांनी. प्रयोग लहान आहे, एका दिवसाचा आहे, त्यावरून दीर्घकालीन फळ सांगता येत नाही. परंतु यात औषध नव्हते, घाम येईल असा व्यायाम नव्हता, फक्त बसण्यात खंड होता. जेवणानंतर अन्नक्लम जाईपर्यंत स्वस्थ बसावे, मग शंभर पावले चालावे हा सुश्रुताचार्यांचा उपदेश आपल्या घरोघरी शतपावलीच्या रूपाने टिकून आहे. रात्रीच्या जेवणानंतर ती होतेही. दुपारच्या जेवणानंतर मात्र दुकानदार लगेच गल्ल्यावर बसतो. खरी गरज तेथे आहे.

सकाळी तासभर फिरायला जाणाऱ्यांना वाटते की आपण सुटलो. २०१६ साली दहा लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचा एकत्रित अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार दररोज ६० ते ७५ मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करणाऱ्यांत आठ तासांहून अधिक बसण्यामुळे वाढणारी मृत्यूची जोखीम जवळजवळ नाहीशी झालेली आढळली. ही आशादायक गोष्ट आहे. पण ६० ते ७५ मिनिटे, तीही रोज, किती जण साधतात? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि त्याशिवाय बसण्याचा काळ कमी करणे, अशा दोन स्वतंत्र सूचना केल्या त्या यामुळेच. ‘बसणे म्हणजे नवे धूम्रपान’ असे वाक्य अलीकडे भाषणांतून फेकले जाते. ते अतिशयोक्त आहे. विडी-सिगारेटची हानी बसण्याच्या हानीहून पुष्कळ मोठी आहे, आणि दिवसभर बसून विडी ओढणाऱ्या रुग्णाला प्रथम विडीच सोडण्यास सांगितली पाहिजे.

‘मग दिवसभर उभे राहू’ हाही उपाय नव्हे. ब्रिटनमधील ८० हजारांहून अधिक प्रौढांच्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अधिक उभे राहण्याने हृदयरोग कमी झाल्याचे आढळले नाही, उलट पायांच्या शिरांचे व तत्सम रक्ताभिसरणाचे विकार दीर्घ उभे राहण्याने वाढलेले दिसले. काउंटरमागे दहा तास उभ्या असणाऱ्या नोकराच्या पायावरील फुगलेल्या शिरा आपण पाहतोच. हितकर आहे ते स्थितिपरिवर्तन.

येथे जमिनीवर बसण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण आपल्या लोकांत दोन टोकाची मते आहेत. टांझानियातील हादझा या शिकारी व कंदमुळे वेचणाऱ्या जमातीचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. हे लोकही दिवसाचे सुमारे दहा तास विश्रांतीच्या स्थितीत घालवितात. पण त्यातला बराच काळ ते उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसतात आणि या स्थितीत पायांचे स्नायू खुर्चीवरील बैठकीपेक्षा कितीतरी अधिक क्रियाशील असतात. खुर्ची पाठीला, मांडीला, हाताला सर्वत्र आधार देते. स्नायूंना काही करायला उरतच नाही. आपल्या आजी-आजोबांचे निवडणे-टिपणे, चूल, जेवण, गप्पा हे सारे जमिनीवर होते आणि दिवसातून कितीदा तरी जमिनीवरून उठणे घडत असे. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वयाच्या २००२ व्यक्तींना जमिनीवर बसून उठण्यास सांगून, हाता-गुडघ्याचा आधार किती घ्यावा लागतो यावरून गुण देण्यात आले; २०१२ च्या त्या अहवालानुसार कमी गुण मिळविणाऱ्यांत पुढील काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक होते. ही परीक्षा चिकित्सालयात एका मिनिटात होते, तिला उपकरण लागत नाही. मात्र संधिगत वाताच्या रुग्णाकडून ती करवून घेऊ नये. आणि उत्कटकासनाचा अतिरेक अर्शाचा हेतू म्हणून सांगितला आहे हेही विसरू नये. शौचाच्या वेळी मोबाईल घेऊन वीस-पंचवीस मिनिटे बसणे हा त्याचा आजचा अवतार. मग ते भारतीय पद्धतीचे असो वा कमोड.

कृश दिसणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत आपली फसगत होण्याचा संभव असतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवून दिले आहे की भारतीय व्यक्ती बाहेरून सडपातळ दिसली तरी तिच्या शरीरात, विशेषतः उदरात, मेदाचे प्रमाण अधिक असू शकते. विदर्भातील शिडशिडीत बांध्याचा, हातपाय काटकुळे पण पोट किंचित पुढे आलेला चाळिशीचा दुकानदार हा स्थूल या व्याख्येत बसत नाही. तो ‘मला काय होणार’ म्हणतो आणि वैद्यही मान डोलावतो. त्याच्या कमरेला फीत लावावी. पुरुषात ९० व स्त्रीत ८० सेंटीमीटरच्या पुढे घेर असल्यास रक्तशर्करा तपासून घ्यावी. उपाशीपोटी १२६ वा त्याहून अधिक अथवा तीन महिन्यांची सरासरी दर्शविणारे परिमाण ६.५ टक्के वा अधिक आल्यास, आणि पुन्हा तपासूनही तसेच राहिल्यास, तो मधुमेह होय.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. १९४० साली लंडनवर बाँबवर्षाव चालू असताना आश्रयस्थानांत रात्रभर खुर्च्यांवर बसून राहणाऱ्यांत फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून आकस्मिक मृत्यू घडत असल्याचे कीथ सिम्पसन यांनी नोंदविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून अधिक वेळ बसून केलेल्या प्रवासानंतर, मग तो विमानाचा असो, रेल्वेचा वा बसचा, अशा गुठळीची जोखीम सुमारे दुप्पट होते. प्रत्यक्ष प्रमाण अल्प आहे, साधारण सहा हजार प्रवाशांत एक. परंतु आपल्या महामार्गावरून रात्रभर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. असा प्रवास करून आलेला, नुकतीच शस्त्रक्रिया झालेला, पायाला प्लॅस्टर असलेला, किंवा प्रसूतीनंतरची स्त्री ‘एकाच पायाची पोटरी सुजली, दुखते’ म्हणून आली तर तिला वातव्याधी समजून स्नेहन, मर्दन वा स्वेदन करू नये. दाबून चोळल्यास गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. औषधविक्रेत्यांनीही अशा ग्राहकाला ‘चोळायला’ तेलाची बाटली देऊ नये. रुग्णास चालवत न नेता त्याच दिवशी हिंगणघाटचे उपजिल्हा रुग्णालय किंवा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय गाठावयास सांगावे. सोबत श्वास लागणे, छातीत कळ, रक्तमिश्रित थुंकी असल्यास क्षणाचाही विलंब नको. त्याचप्रमाणे गृध्रसीच्या रुग्णात गुद व जननेंद्रियाभोवती बधिरता, मूत्र अडणे किंवा नकळत होणे, पायातील शक्ती झपाट्याने जाणे ही लक्षणे दिसल्यास कटिबस्तीची वाट न पाहता शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.

चिकित्सेत निदानपरिवर्जन प्रथम. येथे वैद्य आणि औषधविक्रेता यांच्यापुढे एक अवघड वास्तव आहे : रुग्ण गोळी मागतो, आणि गोळी विकण्यात आपला व्यवसाय आहे. मेदोहर गुग्गुळ, चंद्रप्रभा, त्रिफळा यांना आपापले स्थान आहेच. पण बारा तासांची बैठक तशीच ठेवून त्यांच्याकडून फळाची अपेक्षा करणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणे. ‘मधुमेह समूळ नष्ट’ किंवा ‘चरबी हमखास कमी’ अशा फलकांविषयी तर बोलावयासच नको. १९५४ च्या औषधी व चमत्कारिक उपाय कायद्यान्वये मधुमेह व स्थौल्य यांवरील अशा जाहिराती निषिद्ध आहेत, हे दुकानात फलक लावणाऱ्याने ध्यानी ठेवावे. चालणे सुरू केले म्हणून आधुनिक औषधे परस्पर बंद करण्याचा सल्लाही देऊ नये. इन्शुलिन किंवा साखर वेगाने उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यास श्रम वाढल्यावर साखर एकाएकी उतरून घाम, कंप, भ्रम होऊ शकतो. त्याच्या खिशात खडीसाखर असावी आणि औषधाची मात्रा त्याच्या डॉक्टरांनी ठरवावी.

दुकानदाराला काय सांगावे? ‘व्यायाम करा’ हे सांगणे व्यर्थ, तो होय म्हणतो आणि करत नाही. त्याऐवजी दुकानाचीच रचना बदलावयास सांगावी. चाके असलेली खुर्ची काढून टाकावी. नेहमी लागणारा माल हाताशी न ठेवता मागच्या फळीवर ठेवावा आणि निदान सकाळच्या सत्रात तो स्वतः उठून द्यावा. फोन आला की उभे राहून बोलावे. पाण्याची बाटली शेजारी न ठेवता माठ मागच्या खोलीत ठेवावा. त्यामुळे पाण्यासाठी उठणे होते आणि मूत्रवेगही अडविला जात नाही. अर्ध्या तासाहून अधिक सलग बसू नये. मालमोटारीच्या चालकाने दर दोन तासांनी, डिझेल वा चहाच्या निमित्ताने का होईना, उतरून गाडीभोवती चार फेऱ्या माराव्यात. बसल्या जागी टाचा उचलण्याची क्रिया थांब्यावर करता येते. शिंप्याची बैठक समतल व फार कठीण नसावी.

चालण्याचा सल्ला देताना बल, ऋतू आणि देश पाहणे हे आपले वैशिष्ट्य. व्यायाम अर्धशक्तीने, तोही शीतकाळी व वसंतात, इतर ऋतूंत त्याहून कमी, हा नियम वर्धा जिल्ह्याइतका अन्यत्र क्वचितच लागू पडेल. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा सूर्योदयापूर्वी चालणे उरकावे आणि दुपारी फक्त सावलीतील खंडित हालचाल ठेवावी. सुश्रुताचार्यांनी देहाला फार पीडा न देणारे चंक्रमण आयुष्य, बल, मेधा व अग्नी देणारे म्हटले आहे. त्याच आचार्यांनी निर्धन प्रमेही रुग्णास अनवाणी, छत्रीवाचून शंभर योजने चालण्यास किंवा विहीर खणण्यास सांगितले आहे. दोन्ही उपदेश खरे, पण रुग्ण निराळे. शुगरच्या रुग्णाला अनवाणी चालण्याचा सल्ला आज कोणीही देऊ नये. पायाची संवेदना कमी असल्यास साधी काचही व्रण करून जाते. शंभर योजनांचे आश्चर्य वाटण्याचे मात्र कारण नाही. १९५१ च्या मार्च महिन्यात आपल्याच जिल्ह्यातील पवनारहून विनोबाजी हैदराबादजवळील शिवरामपल्लीस पायी निघाले, तेव्हा ते ५५ वर्षांचे होते आणि प्रकृतीने मुळीच धडधाकट नव्हते.

केसपेपरवर विहाराच्या रकान्यात पुढील चार गोष्टींची नोंद घेण्याची सूचना करावीशी वाटते : दिवसातील एकूण बसण्याचे तास, सलग बसण्याचा सर्वांत दीर्घ काळ, आसनाचा प्रकार (गादी, खुर्ची, स्टूल, वाहन) आणि बसलेले असताना मलमूत्राचे वेग अडविले जातात काय. यासोबत कमरेचा घेर नोंदवावा. तीन महिन्यांनी हीच नोंद पुन्हा घ्यावी. औषधविक्रेत्यांनी आपल्या दुकानात येणाऱ्या नेहमीच्या मधुमेही ग्राहकांची अशी वही ठेवल्यास, आणि तालुक्यातील वैद्यांनी त्या नोंदी एकत्र केल्यास, बसण्याचा काळ घटल्यावर घेर व शर्करा किती बदलते याचे आपल्या भागातील खरे चित्र वर्षभरात हाती येईल. वहीचे पहिले पान मालकाने स्वतःच्या नावे भरावे.